पेशव्यांच्या पुण्यांतील एक ख्रिस्तमंदिर

फलटणच्या माणसास पुण्याची वाट दोन कारणांनीं परिचयाची असते. एक कारण पोटापाण्याचें आणि दुसरें वारीचें. दर वर्षीं श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून निघून दिवेघाट चढते आणि सासवड, जेजुरी, वाल्हें, लोणंद, तरडगांव असे मुक्काम करीत आमच्या गांवीं येते. त्या रात्रीं फलटणांत घरोघर वारकरी उतरतात. जेवणें आटोपल्यावर मागच्या मुक्कामांच्या गोष्टी निघतात, आणि त्यांत पुण्यांतील दोन स्थळांचीं नांवें हटकून येतात: माउलींची पालखी जेथें उतरते तें भवानी पेठेंतील पालखी विठोबाचें देऊळ, आणि तुकोबारायांची पालखी जेथें विसावते तें नाना पेठेंतील निवडुंग्या विठोबाचें देऊळ. हीं नांवें ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालों. परंतु त्याच नाना पेठेंत, निवडुंग्या विठोबापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पेशव्यांनीं दिलेल्या जागेवर रोमन कॅथलिक पंथाचें एक मंदिर १७९२ पासून नांदत आहे, ही गोष्ट आम्हांस ठाऊक व्हावयास आयुष्याचा बराच भाग खर्चीं पडला. ज्या राज्यकर्त्यांनीं वसई घेतली त्यांनींच चर्चला जागा दिली, हें प्रथम ऐकिलें तेव्हां आम्हांस तें खरें वाटेना. मग तें खरें असल्याचें कळलें. आणि त्याचा अर्थ काय लावावा, हा प्रश्न मात्र मनांत राहिला. प्रस्तुत लेख त्या प्रश्नापायीं लिहिलेला आहे.

प्रथम स्थळ पाहूं. पुण्यास जाऊन लक्ष्मी रस्त्यावर लुगडें किंवा भांडें खरेदी केलें नाहीं असें सातारा जिल्ह्यांतील कुटुंब विरळाच सांपडेल. मात्र आपणां सर्वांची खरेदी त्या रस्त्याच्या पश्चिम भागांतच संपते आणि पिशव्या भरल्या कीं आपण माघारें वळतों. तसें न वळतां सिटी पोस्ट मागें टाकून पूर्वेकडे चालत राहिलें, तर नागझरीचा ओढा ओलांडून आपण नाना पेठेंत शिरतों. येथें शालूंची दुकानें नाहींत. सायकली व मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्यांची येथें दाटी आहे. पुढें क्वार्टर गेट लागतें. हें नांव इंग्रजी छावणीच्या काळचें. शहर संपून लष्कर जेथें सुरू होई, ती ही शीव. ह्या शिवेच्या आंत, शहराच्या बाजूस हें मंदिर आहे, आणि म्हणूनच लोक त्यास 'सिटी चर्च' म्हणतात. म्हणजे लष्करांतलें नव्हे, शहरांतलें. हा भेद वरवर दिसतो त्यापेक्षां फार अर्थपूर्ण आहे, तो पुढें येईलच.

ह्या मंदिराचें धार्मिक नांव 'निष्कलंक गर्भसंभव माता' असें आहे. येशूची माता मरिया ही आपल्या आईच्या उदरांत आली त्या क्षणापासूनच आदिपापाच्या डागापासून मुक्त होती, अशी ही श्रद्धा. पुष्कळ सुशिक्षित लोक हिचा घोंटाळा येशूच्या कुमारीपोटीं झालेल्या जन्माशीं करतात, आणि आम्हीही पूर्वीं करीत असूं. परंतु ते दोन निरनिराळे विषय आहेत. रोमच्या धर्मपीठानें ह्या श्रद्धेस सिद्धान्ताचें रूप १८५४ सालीं, नववे पायस हे पोप असतांना दिलें. पोर्तुगालांत मात्र ती त्याच्या कितीतरी आधीं राजमान्य झाली होती. तेथील राजा चौथा जुआंव यानें १६४६ सालीं निष्कलंक मातेस आपल्या राज्याची रक्षणकर्ती ठरवून आपला मुकुट तिला वाहिला, आणि तेव्हांपासून पोर्तुगालचे राजे डोक्यावर मुकुट घालीनासे झाले. पणजीस पांढऱ्या शुभ्र जिन्यांच्या वर दिमाखानें उभें असलेलें जें चर्च सर्व प्रवाशांनीं पाहिलेलें असतें, तेंही ह्याच मातेचें. तेव्हां पुण्याच्या देवळाची परंपरा कोठून आली हें सांगावयास त्याचें नांवच पुरेसें आहे. पेशव्यांच्या राजधानींत पोर्तुगालच्या कुलस्वामिनीची स्थापना झाली, असें आपल्या भाषेंत म्हटलें तर तें फारसें चुकीचें होणार नाहीं.

आतां तें वर्ष पाहावें. १७९२ सालचें पुणें म्हणजे मराठी राज्याच्या अखेरच्या भरभराटीचें पुणें. त्या वर्षीं मार्च महिन्यांत श्रीरंगपट्टणचा तह होऊन टिपूवरील मोहीम संपली आणि हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा मोकळ्या झाल्या. जूनमध्यें महादजी शिंदे उत्तरेहून पुण्यास आले आणि बादशहाकडून मिळविलेल्या वकील-इ-मुतलकीचीं वस्त्रें पेशव्यांस अर्पण करण्याचा थाटाचा समारंभ झाला. मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांचा वकील चार्लस मॅलेट १७८६ पासून ठाण मांडून बसला होता. जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटिश चित्रकार दरबारी मंडळींचीं चित्रें काढावयास पुण्यास येऊन राहिला होता. नाना फडणीस व सवाई माधवराव यांची जी चेहरेपट्टी आज आपल्या डोळ्यांपुढें आहे, ती बव्हंशीं त्याच्याच कुंचल्यानें ठरविलेली आहे. गादीवरील पेशवा अठरा वर्षांचा आणि कारभार सर्वस्वीं नानांचा, अशी स्थिति होती.

अशा त्या गजबजलेल्या शहरांत पेशव्यांच्या लष्करांतील दों मिगेल द नरोन्हा नांवाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानें आपल्या व आपल्या धर्मबांधवांच्या उपासनेसाठीं जागा मागितली. ती सवाई माधवरावांच्या नांवें देण्यांत आली, आणि त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं तेथें पहिली मिस्सा झाली. आरंभींचें प्रार्थनास्थान अगदीं साधें होतें. सांप्रतची इमारत पेशवाई बुडाल्यानंतरची, १८५२ सालची आहे. म्हणजे पेशव्यांनीं दिलेलें जें काय तेथें आज शिल्लक आहे तें दगड-विटांचें नाहीं. पायाखालची जमीन तेवढी त्यांची.

हें दान उलगडावयाचें तर त्रेपन्न वर्षें मागें जाणें भाग आहे. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. त्या मोहिमेस लागलेली माणसें, पडलेले वीर आणि सुरुंगांनीं उडविलेले बुरूज यांचीं वर्णनें आपल्याकडे मुखोद्गत आहेत. त्या मोहिमेमागें धर्माची चीड होती, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. उत्तर कोंकणांत पोर्तुगीजांनीं देवळें पाडलीं होतीं आणि हिंदूंच्या उघड उपासनेवर बंधनें घातलीं होतीं, आणि तेथील प्रजेचीं गाऱ्हाणीं पुण्यापर्यंत पोंचलीं होतीं. विजयाची खूण म्हणून मराठ्यांनीं तेथील चर्चांतल्या घंटा आणिल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांस वाहिल्या. नाशिकास गोदावरीच्या कांठीं नारोशंकराच्या देवळावर जी घंटा आहे तिजवर १७२१ हें साल आहे. भीमाशंकरास एक आहे. आणि आमच्या सातारा जिल्ह्यांत, वाईजवळ मेणवलीस, कृष्णेच्या घाटावर लहानशा घुमटींत टांगलेली घंटा १७०७ सालची असून तिजवर बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृति ओतलेली आहे.

मेणवली हें गांव कोणाचें, हें वाचकांस सांगावयास नको. नाना फडणिसांचा वाडा तेथें आहे, घाट त्यांनीं बांधिलेला, आणि ज्यांतून मराठ्यांच्या इतिहासाचें केवढें तरी साहित्य बाहेर आलें तें मेणवली दप्तरही त्याच वाड्यांतलें. आणि पुण्यांत ज्या पेठेंत हें चर्च आहे ती नाना पेठ, म्हणजे पूर्वींची हनुमंत पेठ, तीही ह्याच नानांनीं वसविलेली. एकाच कारभाऱ्याच्या घाटावर पोर्तुगीजांच्या देवळांतून उतरविलेली घंटा वाजत होती, आणि त्याच कारभाऱ्याच्या नव्या पेठेंत पोर्तुगीज अधिकाऱ्यास देऊळ बांधण्यास जागा मिळत होती. ह्या दोन गोष्टी आपण एरव्हीं निरनिराळ्या कप्प्यांत ठेवितों. पहिली शौर्याच्या कथेंत जाते आणि दुसरी औदार्याच्या. आमच्या मतें त्या एकाच खतावणींत मांडल्या पाहिजेत, तरच हिशेब जुळतो.

एक तर वसईच्या तहानंतर तेथील ख्रिस्ती प्रजा देशोधडीस लागली नाहीं. गोरे पोर्तुगीज बहुतेक निघून गेले. परंतु गांवोगांवचा कोळी-कुणबी ख्रिस्ती तेथेंच राहिला, त्याचे एतद्देशीय धर्मगुरू राहिले, आणि त्यास आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहिली. म्हणजे १७९२ पर्यंत पुण्याच्या दरबारास कॅथलिक रयत पदरीं बाळगण्याचा अर्ध्या शतकाचा अनुभव होता. पाद्री म्हणजे कोण, त्याचा उपयोग काय, उपद्रव किती, हें फडावरील कारकुनांस माहीत होतें. नरोन्ह्याचा अर्ज त्यांच्यापुढें आला तेव्हां कोणी दचकलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरी गोष्ट लष्कराची. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनीं व कवायती पायदळानें जें काम केलें तें पाहिल्यापासून मराठी दरबारास अशा फौजेची ओढ लागली होती. परंतु तिची भीतिही त्यास तितकीच होती, आणि ती कां, हें ज्या तरुण पेशव्याच्या नांवानें ही जागा दिली गेली त्याच्या जन्मकथेंतच आहे. सवाई माधवरावांचे वडील नारायणराव यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत झाला तो पगारी गारद्यांच्या हातून. बापाच्या मृत्यूनंतर साडेसात महिन्यांनीं हा मुलगा पुरंदरावर जन्मला. पगारापलीकडे ज्याचा शहराशीं कांहीं संबंध नाहीं असा हत्यारबंद मनुष्य केव्हां काय करील याचा नेम नसतो, हा धडा पुण्यानें फार महाग किंमत देऊन घेतला होता. असा मनुष्य येथला व्हावयाचा तर त्याचें घर येथें झालें पाहिजे, लग्न येथें झालें पाहिजे, मूल येथें जन्मलें पाहिजे, आणि तो मेल्यावर त्याची माती येथें पडली पाहिजे.

आणि येथेंच कॅथलिक पंथाचें एक वैशिष्ट्य ध्यानांत घ्यावें लागतें. हिंदु शिपाई परमुलखीं गेला तरी शेंदूर लावलेल्या दगडापुढें नारळ फोडून त्याचें काम भागतें, आणि मुसलमान शिपायास स्वच्छ जागा व दिशा कळली कीं नमाज पढतां येतो. कॅथलिक मनुष्याचें मात्र पावलोपावलीं धर्मगुरूवांचून अडतें. मुलाचा बाप्तिस्मा, पापांची कबुली, विवाह, मरतेवेळचा तैलाभ्यंग, हे सर्व संस्कार विधिपूर्वक व्हावयाचे तर पाद्री हवा, आणि पाद्री राहावयाचा तर वेदी हवी. ती पुण्यांत नसेल तर शिपायानें लग्नासाठीं घाट उतरून वसई-मुंबई गांठावी किंवा गोव्याची वाट धरावी. एकदां घरच्या वाटेस लागलेला तोफखान्यावरचा जाणता मनुष्य परत येईलच याची हमी कोण देणार? इंग्रज त्यास मुंबईस ठेवून घेण्यास टपलेलेच होते. तेव्हां चार भिंती व एक पाद्री यांच्या मोबदल्यांत जर माणसें वर्षानुवर्षें टिकत असतील, तर नानांसारख्या हिशेबी कारभाऱ्यास तो सौदा स्वस्त वाटला असला पाहिजे. हा आमचा तर्क आहे. परंतु नानांचा एकंदर कारभार ज्यानें वाचला आहे त्यास तो अवास्तव वाटूं नये.

जागा कोठें दिली, हेंही पाहण्यासारखें आहे. पुण्याच्या जुन्या पेठा, कसबा, शनिवार, सदाशिव, ह्या सर्व नागझरीच्या अलीकडे, वाड्याच्या बाजूस. ओढ्यापलीकडील पूर्वेचा मुलूख त्या मानानें अलीकडे वसूं लागलेला. तिकडे रास्त्यांची पेठ, घोरपड्यांची पेठ, भवानी पेठ आणि ही नानांची पेठ अशा नव्या वस्त्या उठत होत्या. नवी पेठ वसवितांना सरकारांतून कौल दिला जाई, व्यापाऱ्यांस कांहीं वर्षें करांची सूट मिळे, शेटे-महाजन नेमले जात, आणि बाहेरची माणसें येऊन राहत. अशा पेठेस रहिवासी हवेच असतात आणि त्यांचा देव कोणता हें तेथें फार चिकित्सेनें विचारलें जात नाहीं. चर्चला जागा मिळाली ती ओढ्यापलीकडे, नव्या वस्तींत, शहराच्या कडेला. जवळ ठेविलें, परंतु आंत घेतलें नाहीं, असें तिचें वर्णन करतां येईल.

ह्या ठिकाणीं आमच्या कांहीं मित्रांशीं आमचा वाद होतो. एक पक्ष म्हणतो कीं, पाहा, गोव्यांत त्या वेळींही धर्मसमीक्षणाचें न्यायालय चालू होतें, आणि इकडे ब्राह्मण राज्यकर्ते ख्रिस्त्यांस देवळाला जागा देत होते. यापरतें औदार्य तें कोणतें? ही तुलना खोटी नाहीं. गोव्याचें तें कुप्रसिद्ध इन्क्विझिशन १५६० त सुरू झालें, १७७४ त बंद पडलें, १७७८ त पुन्हा उघडलें आणि कायमचें मिटलें तें १८१२ सालीं. १७९२ त पणजीच्या आसपास एखाद्या हिंदु अधिकाऱ्यानें नवें देऊळ बांधावयास जागा मागितली असती तर त्यास काय उत्तर मिळालें असतें, हें सांगावयास ज्योतिषी नको. इतकें श्रेय पुणें दरबारास दिलेंच पाहिजे, आणि तें देतांना आमचा हात आंखडत नाहीं.

परंतु ह्या मित्रांस आम्ही दुसरा एक कागद वाचावयास सांगतों. महात्मा फुल्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नांवाच्या मांग जातीच्या चौदा वर्षांच्या मुलीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. पेशवाईच्या पुण्यांत तिच्या वडीलधाऱ्यांस कोणत्या अटींवर वावरावें लागे, याची हकीगत त्यांत आहे. ज्या दरबारानें दूरदेशच्या फिरंग्यास प्रार्थनेला जमीन दिली, त्याच्याच राजधानींत घरच्या अस्पृश्यांस रस्त्यानें मोकळेपणीं चालण्याची चोरी होती. परक्याचा धर्म चालवून घेणें एकापरी सोपें असतें; त्यास कडेची जागा नेमून दिली कीं आपल्या घराची रचना जशीच्या तशी राहते. आपल्याच माणसास आंत घ्यावयाचें म्हणजे रचनाच मोडावी लागते, आणि त्याला पेशवाईची तयारी नव्हती. दुसरा पक्ष हा सारा स्वार्थाचा व्यवहार म्हणून उडवून लावतो. तोही आम्हांस पटत नाहीं. स्वार्थ पुष्कळांस असतो, परंतु त्यापायीं दुसऱ्याच्या देवाला जागा द्यावी इतकें शहाणपण सर्वांस सुचत नाहीं. गोव्यांतल्या राज्यकर्त्यांसही हिंदु व्यापारी व वैद्य यांवांचून चालत नव्हतेंच, तरी त्यांना तें सुचलें नाहीं.

असो. दाता फार दिवस टिकला नाहीं. १७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यांत अंत झाला, १८०० त नाना गेले, १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीची लढाई झाली आणि पुढल्या वर्षीं राज्यच बुडालें. ज्या फौजेसाठीं ही जागा दिली गेली ती फौज नाहींशी झाली, तरी देऊळ राहिलें. इतिहासांत हें नेहमींच होतें. ज्या कामासाठीं वस्तु घडविली तें काम संपतें, आणि वस्तूस दुसरेंच काम लागतें.

इंग्रजांनीं शहराच्या पूर्वेस छावणी टाकिली, आणि जी नानांच्या काळीं शहराची कड होती ती एकाएकीं दोन शहरांमधली वेस झाली. छावणींतील गोऱ्या पलटणींत आयरिश शिपाई पुष्कळ, आणि ते कॅथलिक. त्यांच्यासाठीं १८५० सालीं लष्करांत सेंट पॅट्रिकचें चर्च उभें राहिलें. तेव्हांपासून पुण्यांत एकाच पंथाचीं दोन देवळें दोन निरनिराळ्या वळणांचीं झालीं. एकाचा उगम पोर्तुगीज परंपरेंतला आणि भक्त बहुतांशीं काळ्या कातडीचे. दुसऱ्याचा उगम आयर्लंडच्या भक्तींतला. रोम आणि लिस्बन यांच्यांत हिंदुस्थानांतील धर्मगुरू कोणीं नेमावे याविषयीं त्या काळीं जो दीर्घ तंटा चालला होता, त्याची झळ पश्चिम किनाऱ्यावरच्या बहुतेक कॅथलिक वस्त्यांस लागली. घरांघरांत दोन तट पडले. १८८६ सालीं नवी व्यवस्था होऊन पुणें हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बिशपाचें आसन सेंट पॅट्रिकच्या देवळांत गेलें. वयानें थोरलें असूनही शहरांतलें देऊळ मानानें धाकटें ठरलें. लष्करांतलें आणि शहरांतलें हा जो भेद आम्हीं आरंभीं सांगितला, तो असा केवळ पत्त्यापुरता राहिलेला नाहीं.

मात्र मान गेला तरी माणसें आलीं. गोव्याहून पोटासाठीं घाट चढून आलेले लोक ह्या देवळाच्या सावलींत स्थिरावले. कोणी साहेबाच्या घरीं स्वयंपाकी, कोणी पाव भाजणारा, कोणी शिंपी, कोणी पलटणीच्या बँडांत वाजविणारा, आणि पुढें रेल्वे व लष्करी हिशेब-खात्यांत कारकून. आमच्या पिढीच्या पुणेंकरांस सकाळचा पाव ठाऊक आहे, परंतु तो प्रथम कोणाच्या भट्टींतून आला याचा विचार करण्याची आपल्याला संवय नाहीं. मद्रासी पलटणींबरोबर तामिळ कॅथलिक आले. विसाव्या शतकांत अहमदनगर जिल्ह्यांतल्या मिशनच्या गांवांतून मराठी ख्रिस्ती कुटुंबें दुष्काळाच्या व नोकरीच्या ओढीनें पुण्यास आलीं. कोंकणी, इंग्रजी, तामिळ व मराठी अशा चार भाषा बोलणारे लोक, परंतु वेदीवरची भाषा शतकानुशतकें लॅटिन. १९६२ ते १९६५ ह्या वर्षांत रोमला भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनची सक्ति उठली आणि पुणें धर्मप्रांतांत मराठीतून मिस्सा होऊं लागली. येथें एक आठवण द्यावीशी वाटते. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचें मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोव्यांत राचोलास छापून निघालें होतें. मराठी ओवी वेदीच्या इतकी जवळ आली असूनही प्रत्यक्ष वेदीवर मराठी पोंचावयास साडेतीनशें वर्षें लागलीं. दोष एकट्या रोमचा नाहीं. आमच्याकडील विद्वानांनींही त्या ग्रंथाचें मराठीपण उशिरांच ओळखलें.

आणि भोंवतालची वस्ती? जी कडेची जागा म्हणून दिली गेली, तिच्या आसपास कडेचींच माणसें जमत गेलीं. नाना पेठेंत पारशांची अग्यारी आहे. शेजारच्या रास्ता पेठेंत बेने इस्रायल लोकांचें सभास्थान आहे. शनिवारीं दिवा न पेटविणारे हे आमचे कोंकणांतले शनवार तेली. महर्षि विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निराश्रित साह्यकारी मंडळीचा अहिल्याश्रम ह्याच नाना पेठेंत उभा राहिला. निवडुंग्या विठोबाचा उल्लेख वर आलाच आहे. आषाढीच्या वारीचे ते दिवस सोडले तर ही वस्ती कोणाच्याही वर्णनांत येत नाहीं. पुण्याचें वर्णन म्हणजे पर्वती, शनिवारवाडा, तुळशीबाग आणि सदाशिव पेठ असा आपला समज होऊन बसला आहे. तो समज फलटणांत बसून आम्हीही अनेक वर्षें बाळगला.

गेल्या हिंवाळ्यांत, आठ डिसेंबरास मातेचा सण झाल्यावर दोन-चार दिवसांनीं आम्ही हें देऊळ पाहावयास गेलों होतों. सणाच्या माळा अजून उतरविलेल्या नव्हत्या. बाहेर क्वार्टर गेटच्या चौकांत वाहनांचा कोलाहल इतका, कीं आंत शिरतांच कान बधिर झाल्यासारखे वाटले. मागच्या बांकावर एक म्हातारी बाई जपमाळ ओढीत बसली होती. तिचे ओंठ हलत होते त्यावरून ती कोणत्या भाषेंत प्रार्थना करीत होती हें आम्हांस कळलें नाहीं, आणि विचारणें बरें दिसलें नसतें.

परतीच्या वाटेवर मुद्दाम वांकडी वाट करून वाईस उतरलों आणि मेणवली गांठली. दुपारची वेळ होती. घाटाच्या पायऱ्यांवर एक बाई धुणें धूत होती. घंटेच्या घुमटीपाशीं उभें राहून त्या आकृतीवरची धूळ आम्ही निरखूं लागलों, तशी ती बाई हातचें काम न थांबवितां म्हणाली, "फिरंग्याची घंटा हाय ती. वरती आई हाय आन् कडंवर ल्योक हाय."

आम्ही विचारलें, "कोणाची आई?"

"आता आईच ती," असें म्हणून तिनें लुगड्याचा पिळा पायरीवर आपटला.